राजीनामा झाला, म्हणजे संपलं?

मंत्र्याचा राजीनामा आला की आपल्याकडे लगेच "न्याय मिळाला"च्या पोस्टचा पूर आणि दुसऱ्या बाजूला "आमच्या समाजाचा नेता म्हणून बळी दिला"चं रडगाणं. दर वेळी हेच! आता खरंच संताप येतो.

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली ९ डिसेंबर २०२४ ला. पवनचक्की कंपनीकडून खंडणी मागणाऱ्यांच्या आड आले म्हणून, असं तपास यंत्रणाच म्हणते. तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडेंचा राजीनामा आला ४ मार्च २०२५ ला. जवळजवळ तीन महिन्यांनी, आणि तेही छळाचे फोटो घरोघरच्या मोबाईलवर पोचल्यावर! त्यांचे निकटवर्तीय वाल्मिक कराड तोवर कधीच कोठडीत गेले होते. मग तीन महिने कशाची वाट पाहिली, हे विचारायचं सोडून आपण भांडलो कशावर? मराठा की वंजारी यावर. अरे, एका गावाचा सरपंच गेला, त्याला जात कसली चिकटवता?

आणि राजीनाम्याचं एवढं काय घेऊन बसलात? संजय राठोड फेब्रुवारी २०२१ मध्ये पायउतार झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा मंत्री. गृहमंत्री आर. आर. पाटील, आपले आबा, २६/११ नंतर गेले, वर्षभरात परत गृहखात्यात. खुर्ची सोडणं ही शिक्षा नाही हो! खटला कुठवर आला, साक्षीदारांना संरक्षण आहे का, बीडमधली खंडणी थांबली का, हे विचारा ना. रोज विचारा.