गेलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत कशाला न्यावं लागतं?

आज पहाटे आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज आला. "आई झोपेतच गेली. सर्टिफिकेट द्यायला कुणी डॉक्टर मिळेल का? अर्जंट आहे." खाली रांगेनं हात जोडलेले. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, गुलाबाची फुलं. डॉक्टरचा नंबर एकाचाही नाही.

आजी अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. हृदयाचा डॉक्टर वेगळा, किडनीचा वेगळा, खुब्याचं ऑपरेशन करणारा तिसरा. फाईल एवढी जाड की पिशवी वेगळी केलेली. आणि त्या पिशवीतला एकही माणूस घरी यायला तयार नाही. एक म्हणाला, पेशंट बघून सहा महिने झाले, मी कसं लिहून देऊ? दुसऱ्याच्या रिसेप्शनिस्टनं सांगितलं, हॉस्पिटलला घेऊन या.

कुणाला? गेलेल्या बाईला?

शेवटी नेलं. आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, कमरेला सुनेची ओढणी बांधून खाली आणलं. मान कलत होती, तर नातवानं मागून कपाळ धरलेलं. तो पोरगा बारावीला आहे. कॅज्युअल्टीत ईसीजीची पट्टी काढली, सरळ रेघ आली, कागदावर 'ब्रॉट डेड', म्हणजे आणलं तेव्हाच मृत, असं लिहिलं आणि सुरू झालं: पोलिसांना कळवावं लागेल, जबाब होईल, साहेब म्हणाले तर पीएमपण. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, स्वतःच्या पलंगावर झोपेत गेलेल्या बाईचं पोस्टमॉर्टेम! इचलकरंजीचे पाहुणे येऊन बसलेले, तिरडीचं सामान आणलेलं, आणि लेक पोलीस चौकीत. कुठल्या तरी नगरसेवकाचा फोन गेला तेव्हा दुपारी सुटका झाली. फोन लावायला नगरसेवक नसतो त्यांनी काय करायचं?

आणि हे सांगली-मिरजेत. १८९४ पासून वानलेस डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना चालवला, तेव्हापासून अर्धं कर्नाटक इथं उपचाराला येतं म्हणून आपण कॉलर ताठ करतो. सांगली-मिरज रस्त्यावर दर दुसऱ्या इमारतीवर लाल-निळी पाटी. एमआरआय रात्री दोन वाजता होतो. घरी येऊन नाडी बघणारा माणूस मात्र मिळत नाही.

संतापून लिहितेय, माहितीय. पण मला दुसरं टोकही माहिती आहे, म्हणून जास्त राग येतो.

आमचे अण्णा, माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपला आयुष्य गेलं. फुप्फुसाचा कॅन्सर, हाडात उतरलेला. केमोचा आता उपयोग नाही असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि डिस्चार्ज कार्ड हातात दिलं. पुढं काय? त्या कार्डावर पुढचं काहीच नव्हतं. तेव्हा गावभागातले आमचे नेहमीचे डॉक्टर, ज्यांनी माझी गोवर बघितली, आईची शुगर बघितली, ज्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर २००५ आणि २०१९ च्या पुराच्या दोन रेघा अजून आहेत, ते संध्याकाळची ओपीडी संपवून स्कूटरवरून घरी आले. बोलावलं नव्हतं. मेडिकलवाल्याकडून कळलं म्हणे.

अण्णांनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, "डॉक्टरसाहेब, खरं सांगा, गाडी स्क्रॅपला ना?" आम्ही सगळे भिंतीकडं बघायला लागलो. घरातल्या कुणीच तोवर त्यांना धड सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर पलंगावर टेकले. म्हणाले, "लांबचा रूट नाही आता, अण्णा. पण रस्त्यात ब्रेकडाऊन होऊन पडू देणार नाही, एवढं माझ्याकडं लागलं." अण्णा हसले. त्या दिवशी रात्री पोटभर जेवले, हे मला अजून आठवतं.

मग त्यांनी काय केलं? कुठलं मोठं मशीन आणलं नाही. मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून होणाऱ्या दुखणं थांबवायच्या गोळ्यांची व्यवस्था केली. त्या साध्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मिरजेला कॅन्सरच्या दवाखान्यातनं आणाव्या लागल्या, चिठ्ठी त्यांनी लिहिली, फोन त्यांनी केला. आपल्याकडं मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारच्या परवान्यानं अफू पिकते, आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकानं आपल्याच माणसांना दुखण्यावर तिची गोळी मिळेना. २०१४ ला कायदा सुधारला, तरी अजून बऱ्याच डॉक्टरांना लिहायची भीती वाटते. दादालाही वाटली. म्हणाला, व्यसन लागेल. डॉक्टर म्हणाले, "व्यसन तंबाखूचं लागलं होतं, त्यानं जे करायचं ते केलंय. ही दुखण्याची गोळी आहे. घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. आणि पोट साफ व्हायचं औषध रोज, विसरलात तर मला शिव्या घालाल." वहिनीनं कॅलेंडरच्या मागं तक्ता केला. रात्रीची गोळी माझ्याकडं.

सगळ्यात मोठा तंटा सलाईनवरनं झाला. अण्णांनी खाणं सोडलं, पाणी चमच्यानं, तेही नको म्हणायला लागले. काका आले गावाकडनं. आले ते तावातच, "माणूस उपाशी मारताय का? सलाईन लावा, ॲडमिट करा, पैसे मी देतो." डॉक्टरांनी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि पंधरा मिनिटं बोलत बसले. शरीरच आता अन्न मागत नाही, भूक लागून तळमळत नाहीत ते. वरनं पाणी चढवलं तर ते छातीत साठेल, पायावर सूज येईल, धाप वाढेल. ओठ ओले ठेवा, तोंड पुसा, कुशीवर फिरवा, पाठीला जखम होऊ देऊ नका. काकांनी गंगाजलाची कुपी आणलेली. डॉक्टर म्हणाले, घाला की, पण चमच्यानं ओतू नका, ठसका लागेल. कापसाचा बोळा भिजवून ओठाला लावा. मग काकाच बोळा घेऊन उशाशी बसले ते उठेनात.

आता मला सांगा, ही पंधरा मिनिटं कुठल्या आयसीयूच्या बिलात लिहिता येतात?

शेवटच्या रात्री घशात घरघर सुरू झाली. ऐकवत नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं की असं होईल, ते आपल्यालाच जास्त त्रासदायक असतं, घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावू नका, कुशीवर वळवा, मला फोन करा. केला. आले, एक इंजेक्शन दिलं, थोडं कमी झालं. पहाटे अण्णा गेले. डॉक्टर परत आले. स्टेथोस्कोप लावला, डोळ्यात टॉर्च मारून बघितला, घड्याळ बघितलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून फॉर्म भरला. दादानं पाकीट पुढं केलं तर म्हणाले, "याची फी नसते. चहा द्या."

नसतेच! १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात लिहिलंय. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरनं उपचार केले त्यानं मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट ताबडतोब द्यायचं, पैसे न घेता. घरी झालेल्या मृत्यूसाठी फॉर्मही वेगळा आहे, ४-अ. आणि आज सकाळी एका महाशयांनी या कागदाचे तीन हजार सांगितले आमच्या शेजाऱ्यांना, पेशंट न बघता.

हां, ज्यांनी आजींना कधी बघितलंच नाही त्यांनी सही नाकारली, त्यांचं बरोबरच आहे. उद्या काही निघालं तर अडकायचं कोण? मान्य. पण मग मुद्दा हाच ना की शेवटच्या आजारात बघणारा एक तरी डॉक्टर असायला हवा होता? तीन स्पेशालिस्ट होते. त्यांनी एक हृदय, दोन किडन्या आणि एक खुबा बघितला. आजींना कुणी बघितलं? सर्टिफिकेट ही सकाळी सहाला शोधायची वस्तूच नाही. कुणीतरी आधी येत-जात असलं तर तो कागद आपसूक होतो.

आणि यात आपणही काही कमी नाही. सर्दीला ईएनटी, पोटदुखीला गॅस्ट्रो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरला आपण "साधा एमबीबीएस" म्हणणार, त्याच्या दोनशे रुपयांवर घासाघीस करणार, आणि म्हातारं माणूस आडवं झालं की विचारणार, हल्ली व्हिजिटला कुणी येत नाही हो! कशाला येईल? मेडिक्लेम आयसीयूचे लाख देतो, घरी येणाऱ्याचे पाचशे बहुतेक वेळा देत नाही. त्यातून चार पाहुण्यांना सांगायला बरं वाटतं, काय कमी पडू दिलं नाही, व्हेंटिलेटरपर्यंत नेलं. अण्णांच्या वेळी आम्हालाही ऐकवलं लोकांनी. घरीच ठेवलं होय? असं 'होय' लांबवून. वहिनी त्या 'होय'वर आजही चिडते, आणि चिडायलाच पाहिजे, कारण अण्णांचं अंग पुसण्यापासून डायपरपर्यंत सगळं तिनं केलं होतं.

डॉक्टर मित्र म्हणतील, तुम्हाला बोलायला काय जातंय, रात्री घरी जायचं, पेशंट गेला की नातेवाईक गचांडी धरतात. खरं आहे. २०१० पासून त्याच्याविरुद्ध कायदा आहे राज्यात, तरी मारहाण थांबत नाही. पण ज्या डॉक्टरनं चार महिने आधीपासून सांगितलंय की हे असं होणार आहे, त्याच्यावर हात उचललेला मी तरी ऐकला नाही. गचांडी तिथं धरली जाते, जिथं शेवटपर्यंत 'होप आहे' म्हणून बिल लावलेलं असतं.

सगळ्यांना घरी मरण झेपत नाही, हेही खरं. एका खोलीत सहा माणसं, दोघंही कामाला, वर तिसरा मजला. अशांसाठी, बऱ्या न होणाऱ्या पेशंटांना शेवटपर्यंत सांभाळणारं, वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून. पण सांगलीच्या माणसानं शेवटचे आठ दिवस वारज्याला जाऊन काढायचे का?

केरळचं नाव काढलं की आपल्याकडं नाकं मुरडतात. मुरडा. कोझिकोडला १९९३ ला काही डॉक्टरांनी अशाच असाध्य आजाऱ्यांच्या काळजीसाठी सोसायटी काढली, गल्लीतली माणसं स्वयंसेवक झाली, २००८ ला राज्यानं धोरण केलं, आणि आता तिथं पंचायतीच्या मार्फत नर्स घरोघर जाते, जखम धुते, नळी बदलते. माझी मावसबहीण लेस्टरला असते. तिच्या सासऱ्यांच्या वेळी त्यांच्या भागातल्या जीपीच्या, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यानं त्यांचं नाव शेवटच्या वर्षातल्या पेशंटांच्या यादीत घातलं होतं. दुखणं, उलटी, घरघर, बेचैनी या सगळ्यांची इंजेक्शनं एका खोक्यात घरी आधीच आणून ठेवलेली, म्हणजे रात्री येणाऱ्या नर्सला मेडिकल शोधत फिरायला नको. साध्या खोकल्याला तिला अपॉइंटमेंट मिळत नाही, त्यावरून ती रोज बोंबलते, ते सोडा. मरणाच्या वेळी मिळाली ना.

आपल्याकडंही कागदावर आहे सगळं. सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य केंद्रांच्या, बारा सेवांमध्ये म्हाताऱ्यांची आणि असाध्य आजाऱ्यांची काळजी आहे. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ च्या जानेवारीत ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटकडं जायला नको. त्यात असंही सांगितलंय की फॅमिली डॉक्टर असेल तर एक प्रत त्यालाही द्या. मी करणार आहे माझं. आईलाही विचारलं, ती म्हणाली, "नळ्या नकोत, बाकी तुझे अण्णा गेले तसं." मग प्रत कुणाला द्यायची यावर गाडी अडली, कारण आमच्या डॉक्टरांनी गेल्या दिवाळीपासून दवाखाना एकच वेळ ठेवलाय. सत्तरीच्या पुढं गेलेत, जिना चढताना स्वतःच थांबतात. मुलगा ऑस्ट्रेलियात रेडिओलॉजिस्ट. गाळ्याची चौकशी मोबाईलवाला करून गेला.

म्हणून ही पोस्ट. सांगली, मिरज, कुपवाड, विश्रामबाग, ज्यांना खरोखर माहीत असेल त्यांनीच कमेंटमध्ये लिहा. कुठला डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला बघायला घरी येतो? व्हिजिटचे किती घेतो? हजार म्हणाला तरी चालेल, द्यायची तयारी ठेवू. रात्री फोन उचलतो का? मॉर्फिन लिहायला घाबरतो का? कॅथेटर घरी येऊन बदलणारी सिस्टर कोण आहे? आधी त्या डॉक्टरांना विचारा आणि मगच नाव टाका, उगाच त्यांच्या दारात रांग नको. "काळच बदललाय", "नशीब ज्याचं त्याचं" असलं काही लिहिणार असाल तर नका लिहू, आज उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नाही. यादी झाली की प्रिंट काढून आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावतेय, पाणीपट्टीच्या नोटिशीशेजारी. सेक्रेटरींनी परवानगी दिलेली नाही अजून. तरी लावतेय.