लघुउद्योगांचे तारणहार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

लहान उद्योगांना साहाय्य करण्याचे खाते आपल्याकडे आले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. शासनव्यवहारात याहून सुखाचे खाते दुसरे नाही. अर्थखात्याला पैसे उभे करावे लागतात, गृहखात्याला गुन्हेगार पकडावे लागतात. आपल्याला मात्र केवळ कळकळ दाखवायची आहे, आणि कळकळीचे लेखापरीक्षण कोणत्याही देशात होत नाही. लहान उद्योजक हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे, हे एक वाक्य तेवढे पाठ करून ठेवावे. कणा म्हटल्यावर भार त्याच्यावरच येणार, हे ऐकणाऱ्याला आपोआप समजते.

या भाराचे स्वरूप सुरुवातीलाच नीट समजून घ्यावे, कारण आपल्या खात्याचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. नियम पाळण्याचा खर्च बहुतांशी ठोक असतो. एखादे विवरणपत्र भरायला लागणारा वेळ कामावर माणसे किती आहेत हे पाहून कमी होत नाही. पाचशे कामगारांच्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो, विभागाला प्रमुख असतो आणि प्रमुखाच्या दिमतीला वकील असतो; पाच माणसांच्या कारखान्यात तेच विवरणपत्र मालक स्वतः भरतो, आणि तेही दिवसभराचे काम आटोपल्यावर, रात्री. त्यामुळे दर कामगारामागे पडणारा खर्च लहानाला जास्त आणि मोठ्याला कमी असतो. बड्या कंपन्या अधूनमधून स्वतःहून कडक नियमांची मागणी करतात तेव्हा त्यांच्या नैतिक जाणिवेचे आपण तोंड भरून कौतुक करावे, आणि स्पर्धेतून बाहेर कोण पडणार आहे याचा हिशेब मांडत बसू नये.

येथे एखादा भाबडा माणूस विचारील, की मग नियमच कमी का करू नयेत? या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवणे अत्यावश्यक आहे. खरी गोष्ट अशी, की आग लागल्यावर बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी, मजुरी वेळेवर मिळावी, सांडपाणी नदीत सोडू नये, या नियमांबद्दल शहाण्या उद्योजकाची तक्रार क्वचितच असते. त्याची तक्रार असते ती एकच माहिती पाच कार्यालयांना पाच नमुन्यांत, पाच वेगवेगळ्या तारखांना कळवण्याबद्दल. संरक्षण देणारा नियम वेगळा आणि ते संरक्षण दिल्याचे कागद रंगवण्याची सक्ती वेगळी. हा फरक आपण कधीही उघड होऊ देऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच दोरीने घट्ट बांधून ठेवाव्यात. कोणी चौथ्या नमुन्याबद्दल कुरकुर केली, की गंभीर चेहऱ्याने विचारावे, ‘म्हणजे कामगार होरपळून मेले तरी चालतील का?’ कुरकुर तत्काळ थांबते, आणि चौथा नमुनाही शाबूत राहतो.

तरीही काहीतरी केल्याचे दिसले पाहिजे. त्यासाठी आकडेमोडीइतका निरुपद्रवी मार्ग नाही. ब्रिटनने २०११ साली ठरवले, की नवा नियम उद्योगांवर जेवढा खर्च टाकील, तेवढाच खर्च जुन्या नियमांतून कमी करायचा. २०१३ साली हे प्रमाण दुप्पट झाले आणि २०१६ साली तिप्पट. करविषयक नियम आणि त्या वेळी युरोपीय संघाकडून येणारे नियम या हिशेबात धरायचे नव्हते, त्यामुळे उद्योजकाला ज्यांचा जाच वाटत होता त्यांपैकी बराच भाग सुखरूप बचावला. कॅनडाने २०१५ साली एकास एक या तत्त्वाचा कायदाच केला. अमेरिकेत २०१७ साली एका नव्या नियमामागे दोन जुने काढण्याचा आदेश निघाला, २०२१ साली तो रद्द झाला, आणि २०२५ साली एकामागे दहा काढण्याचा नवा आदेश आला. या प्रगतीचा वेग पाहता आपण शंभरापासूनच सुरुवात करावी, असे सुचवावेसे वाटते. बोलीला कमाल मर्यादा नाही, आणि काय मोजायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच हाती आहे.

मोजमापाची कला नेदरलँड्सकडून शिकावी. तेथे रूढ झालेल्या पद्धतीत एका अर्जाला लागणारा वेळ, त्या वेळेचे मोल, वर्षातील वारंवारता आणि उद्योगांची संख्या यांचा गुणाकार करून भार काढतात. पद्धत प्रामाणिक आहे आणि तिच्या जोरावर युरोपीय संघाने २००७ साली असा भार २०१२पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. मात्र या गुणाकारात अर्ज परत का आला, हे विचारण्यासाठी घातलेला वेळ, अधिकारी रजेवर असल्याने फुकट गेलेला दिवस आणि आपण नकळत गुन्हेगार तर ठरलो नाही ना या धास्तीने उडालेली झोप सहसा धरली जात नाही. न मोजलेली गोष्ट वाढली तरी अहवालात वाढत नाही, ही या शास्त्रातील सर्वांत दिलासादायक बाब आहे. जागतिक बँकेची व्यवसायसुलभतेची क्रमवारीही आठवावी: ती ज्या अहवालात असे तो २००३ सालापासून निघत होता, बहुतेक देशांत एकाच मोठ्या शहरातील परिस्थिती पाहून संपूर्ण देशाला गुण मिळत, आणि आकडेवारीतील अनियमितता उघड झाल्यावर २०२१ साली ती बंद करण्यात आली. ती चालू होती तोवर अनेक सरकारांनी क्रमांक सुधारण्यासाठी खास पथके नेमली होती. क्रमांक सुधारणे हे काम सोपे करण्यापेक्षा सोपे असते.

कायदाच करायचा असेल, तर अमेरिकेतील १९८० हे वर्ष आदर्श मानावे. त्या एका वर्षात तेथे दोन कायदे झाले. एक कागदपत्रांचा भार कमी करणारा. त्या व्यवस्थेनुसार आज कोणत्याही संघीय कार्यालयाला जनतेकडून नवी माहिती मागवायची असेल, तर आधी साठ दिवसांची आणि नंतर तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते, मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो आणि अर्ज भरायला किती वेळ लागेल याचा अंदाज अर्जदाराला सांगावा लागतो. अर्ज कमी करण्यासाठी अर्जांची एवढी सुबक व्यवस्था उभी करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आणि इतके होऊनही तेथील जनतेचा वर्षाचा भार अब्जावधी तासांत मोजला जातो. दुसरा कायदा खास लहान उद्योगांसाठी. नव्या नियमाचा लहानांवर काय परिणाम होईल, याचे विश्लेषण खात्याने करावे, असे तो सांगतो. परंतु लक्षणीय संख्येच्या लहान घटकांवर लक्षणीय आर्थिक परिणाम होणार नाही, असे खातेप्रमुखाने प्रमाणित केले, की सविस्तर विश्लेषणाची गरज राहत नाही. लक्षणीय म्हणजे किती, हे कायद्याने आकड्यात सांगितलेले नाही. ज्याने काठी मारायची, त्यानेच लागली नसल्याचा दाखला द्यायचा, यापेक्षा विश्वासावर आधारलेला कारभार कोणता असू शकतो?

आता प्रत्यक्ष मदतीकडे वळू. येथे खरे कौशल्य आहे, कारण मदत नाकारणे कोणालाही जमते, परंतु मदत जाहीर करून ती योग्य ठिकाणी न पोहोचू देण्यासाठी प्रतिभा लागते. मदतीचा नियम एकच: तिला अर्ज असला पाहिजे, आणि अर्ज असा असला पाहिजे, की ज्याच्याकडे तो भरायला माणूस आहे त्यालाच तो भरता येईल. महासाथीच्या काळात अमेरिकेने लहान उद्योगांनी कामगारांना कामावरून काढू नये म्हणून माफ होऊ शकणारी कर्जे दिली. ३ एप्रिल २०२० रोजी योजना सुरू झाली आणि १६ एप्रिलपर्यंत पहिला ३४९ अब्ज डॉलरचा निधी संपला. मर्यादा साधारणपणे पाचशे कामगारांची होती, पण हॉटेले आणि उपाहारगृहे यांच्यासाठी ती प्रत्येक ठिकाणामागे मोजायची होती. परिणामी शेअर बाजारात नोंदलेल्या काही साखळी कंपन्याही लहान ठरल्या, आणि आरडाओरड झाल्यावर त्यांतील काहींनी पैसे परत केले. वाटप बँकांकडून होते आणि बँकांनी स्वाभाविकपणे आधी आपले ओळखीचे ग्राहक पाहिले. मे महिन्यात कर्जमाफीचा अर्ज प्रसिद्ध झाला, तो अकरा पानी होता. जूनमध्ये सोपा अर्ज निघाला, आणि ऑक्टोबरमध्ये ५० हजार डॉलरपर्यंतच्या कर्जांसाठी त्याहून सोपा. सर्वांत लहानांचा अर्ज सर्वांत शेवटी सोपा करावा, हा क्रम आपण टिपून ठेवावा. तोपर्यंत बरेच जण आधीच सल्लागाराची फी भरून मोकळे झालेले असतात, आणि सल्लागार हासुद्धा एक लघुउद्योगच आहे.

पैसे देणे जिवावर येत असेल, तर हक्क द्यावेत. ते अधिक स्वस्त पडतात. भारताने २००६ सालच्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांना फार मोठा हक्क दिला आहे: मालाचे पैसे करारात काहीही लिहिलेले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत; न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा वाचताना ऊर भरून येतो. हा हक्क बजावण्यासाठी लहान पुरवठादाराने फक्त एवढेच करायचे, की ज्या मोठ्या ग्राहकावर त्याचा निम्म्याहून अधिक धंदा अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवायची. त्यासाठी २०१७ सालापासून पोर्टलही आहे. तक्रार निवारणासाठी परिषद आहे आणि तिने ९० दिवसांत निर्णय द्यावा असे कलमही आहे. एवढी तयारी असूनही पुरवठादार तक्रार करायला कचरतो, याला सरकार तरी काय करणार? व्याज मिळेल, पण पुढची ऑर्डर मिळणार नाही, असला क्षुद्र हिशेब तो करीत बसतो.

मग सरकारने आणखी एक पाऊल उचलले. १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार, सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. मध्यम उद्योगांना ही तरतूद लागू नाही. त्यावर व्यापारी संघटनांनी लगेच भीती व्यक्त केली, की मोठे खरेदीदार आता मध्यम किंवा नोंदणीच नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील. आपल्या दृष्टीने याहून सुरेख व्यवस्था शोधून सापडणार नाही. आधाराचा दाखला गळ्यात अडकवल्यामुळेच गिऱ्हाईक दूर जाईल, अशी धास्ती ज्याला वाटते, त्याला आधार देण्यासाठी पुन्हा नवी योजना आखता येते.

सवलतींची मर्यादा ठरवताना मात्र हात आखडता घेऊ नये. रेषा ठळक, सरळ आणि अचानक असावी. फ्रान्समध्ये पन्नास कामगार झाले, की कंपनीवर अनेक नव्या जबाबदाऱ्या एकदम येतात. अर्थशास्त्रज्ञांनी तेथील कंपन्यांची आकडेवारी मांडली, तेव्हा पन्नासच्या अलीकडे कंपन्यांची गर्दी आणि पलीकडे एकदम ओसाडी दिसली. पुढे २०१९ सालच्या कायद्याने सलग पाच वर्षे मर्यादा ओलांडल्यावरच त्या जबाबदाऱ्या लागू कराव्यात, अशी सवड दिली गेली. असल्या हळवेपणाला आपण बळी पडू नये. एकोणपन्नासाव्या माणसानंतर वाढ थांबवणारा, किंवा एकाच छपराखाली पत्नीच्या नावे दुसरी कंपनी काढणारा मालक हा आपल्या धोरणाचे यशच समजावा. लहानपण हे मागून घेण्यासारखे आहे, हे त्याला पटले. लहान उद्योगांची संख्या वाढली. आणि वार्षिक अहवालात तो आकडा चढत्या रेषेने दाखवता आला.

एक खिडकी योजनेवाचून कारकीर्द पुरी होत नाही. १९८०च्या दशकात पेरूतील अर्थशास्त्रज्ञ हर्नांडो दे सोतो यांच्या संस्थेने राजधानी लिमामध्ये शिवणकामाच्या एका छोट्या कारखान्याची रीतसर नोंदणी करून पाहिली. सर्व परवाने मिळायला २८९ दिवस लागले. लाच दहा वेळा मागितली गेली आणि दोनदा ती दिल्यावाचून गत्यंतर उरले नाही. हा प्रयोग ऐकून जगभरच्या सरकारांना खिडकीचे महत्त्व पटले. खिडकी उघडताना इतकीच दक्षता घ्यावी, की तिच्या मागची दारे बंद करायची नाहीत. अर्जदार एका पोर्टलवर अर्ज करील, पोर्टल तो अर्ज अकरा खात्यांना पाठवील, अकरा खाती आपापल्या पोर्टलवर त्याला पुन्हा नोंदणी करायला सांगतील, आणि खिडकीवर ‘आपला अर्ज प्रक्रियेत आहे’ ही अक्षरे हिरव्या रंगात झळकतील. पूर्वी त्याला अकरा ठिकाणी जावे लागे. आता बारा ठिकाणी जावे लागते, परंतु बसल्या जागी.

एका धोक्याची सूचना देणे मात्र कर्तव्य आहे. एस्टोनिया नावाचा एक देश आहे. तेथे एकच माहिती गोळा करण्यासाठी दोन वेगळे माहितीसाठे उभारायला कायद्याने मनाई आहे. सरकारकडे जी माहिती एकदा आली, ती खात्यांनी एकमेकांकडून घ्यावी, नागरिकाला पुन्हा विचारू नये, असा तेथील दंडक आहे, आणि त्यासाठी खात्यांना जोडणारी यंत्रणा २००१ सालापासून चालू आहे. एखादा चौकस उद्योजक सभेत उठून या देशाचे नाव घेईल. त्या वेळी गडबडून जाऊ नये. त्याला शांतपणे सांगावे, की एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्याही आत आहे, तो देश फार लहान आहे, आणि लहानांना जे परवडते ते आपल्याला परवडत नाही. त्यावर तो म्हणालाच, की मीसुद्धा लहानच आहे, तर त्याच्याकडे तसे प्रमाणपत्र मागावे: चालू वर्षाचे, स्वाक्षरीसह, तीन प्रतींत.