कुणाला घेतलं, कुणी घेतलं, का घेतलं

२०२४ च्या हिवाळ्यात शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत एकच वाद पेटला होता. बेअर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाने आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू) जस्टिन फिल्ड्स ठेवावा, की कॉलेजातून येणाऱ्या केलेब विल्यम्सला घ्यावं? दुकानात बिलाच्या रांगेत, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, शाळेबाहेर मुलांची वाट बघताना, जिथे चार माणसं जमतील तिथे हेच. मी नेपरव्हिलला राहते. फुटबॉल मला उशिरा कळू लागला, पण हा वाद मी मन लावून ऐकला. त्याच दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबईचा फलंदाज सर्फराझ खान याच्या कसोटी निवडीवरून जुंपली होती. एका कानाने इथलं आणि दुसऱ्या कानाने तिथलं ऐकताना आपल्या वादांत नेमकं काय कमी पडतं ते मला दिसलं. त्याबद्दल हे लिहिते आहे.

विल्यम्सला घेणार ते ड्राफ्टमधून, तर आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात. दर एप्रिलअखेर एनएफएल या व्यावसायिक लीगमधले बत्तीस संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. सात फेऱ्या होतात आणि अडीचशेच्या वर मुलं निवडली जातात. मागच्या मोसमात जो संघ सगळ्यांत खाली राहिला त्याची पाळी पहिली. ज्याने नाव पुकारलं त्याच्याशीच करार करायचा, मुलाला संघ निवडता येत नाही. संघांना मात्र आपली पाळी दुसऱ्याला देऊन मोबदला घेता येतो. बेअर्सनी हेच केलं होतं. २०२२ मध्ये सतरापैकी तीनच सामने जिंकल्यामुळे पहिली पाळी त्यांची होती. ती त्यांनी कॅरोलायनाला दिली आणि बदल्यात डी. जे. मूर हा खेळाडू व पुढच्या काही पाळ्या घेतल्या. त्यांत कॅरोलायनाची २०२४ ची पहिल्या फेरीतली पाळीही होती. पुढच्या मोसमात कॅरोलायनाने दोनच सामने जिंकले आणि पहिला क्रमांक फिरून शिकागोकडेच आला.

फिल्ड्सच्या बाजूने बोलणारे सांगत, या मुलाने २०२२ मध्ये नुसतं धावून ११४३ यार्ड काढलेत, क्वार्टरबॅकने एवढं धावणं फार विरळा आहे, आणि त्याला राखणारी त्याच्याच संघाची पुढची फळी मोडकी होती, तर त्याने चेंडू फेकायचा कधी? दुसऱ्या बाजूचे म्हणत, वेळ असतानाही तो चेंडू हातात धरून राहतो. विल्यम्सने २०२२ ला हाइजमन हा कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा पुरस्कार जिंकलाय, शिवाय नव्या मुलाचा करार ठरलेल्या दराने चार वर्षांचा असतो, म्हणजे वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येईल. काहींना विल्यम्सपेक्षा त्याच ड्राफ्टमधला दुसरा क्वार्टरबॅक जेडेन डॅनियल्स पसंत होता, तर काही म्हणत ही पाळीसुद्धा देऊन टाका. आमच्या अकाउंट्समधल्या एका बाईंनी विल्यम्सचे कॉलेजचे सामने पुन्हा लावून बघितले होते. दडपण आलं की तो डावीकडे पळतो की उजवीकडे, हे त्या जेवताना हातवारे करून सांगायच्या. या बाई काही क्रीडापत्रकार नव्हेत. निवृत्तीला आलेल्या, नातवंडं असलेल्या.

या वादात हलकटपणाही होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाकडून हरल्यावर विल्यम्स प्रेक्षकांच्या कठड्यावर चढून आईच्या कुशीत रडला होता. रडणारा मुलगा संघाचं नेतृत्व काय करणार, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. तो नखं रंगवतो, यावरही टीका झाली. एकवीस वर्षांच्या मुलाने हरल्यावर आईपाशी रडू नये, असा नियम कुणी केला? मला त्या टीकेचा तेव्हाही संताप आला आणि आजही येतो.

पण सगळ्यांत लक्षात राहिली ती लोकांची आठवण. वाद कुठूनही सुरू झाला तरी २०१७ वर येऊन थांबायचा. त्या वर्षी बेअर्सची पाळी तिसरी होती. सरव्यवस्थापक रायन पेस यांनी आणखी पाळ्या देऊन ती दुसरी करून घेतली आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. पॅट्रिक माहोम्स हा क्वार्टरबॅक तेव्हा मोकळा होता, त्याला कॅन्सस सिटीने दहाव्या क्रमांकावर उचललं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, हा वाद ऐन रंगात असताना, माहोम्सने आपला तिसरा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ट्रुबिस्की तोवर शिकागो सोडून गेला होता आणि पेस यांची नोकरी जानेवारी २०२२ मध्येच गेली होती. कुणी निवडलं, कितव्या पाळीला निवडलं, त्यासाठी काय मोजलं, तेव्हा समोर आणखी कोण होतं, हे इथल्या शाळकरी पोरांना पाठ असतं. चांगलंही आठवतात: १९६५ मध्ये तिसऱ्या आणि चौथ्या पाळीला लागोपाठ डिक बटकस आणि गेल सेयर्स, १९७५ मध्ये वॉल्टर पेटन. आणि १९३६ च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव, शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर, तेही आठवतात. त्याचे हक्क फिलाडेल्फियाकडून बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांच्याकडे आले, पण पैशांवर जमलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

आता घरचा वाद. सर्फराझने २०१९-२० च्या रणजी मोसमात ९२८ धावा केल्या आणि २०२१-२२ मध्ये ९८२. तरी त्याला कसोटी खेळायला मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने ६२ आणि नाबाद ६८ केल्या. आमच्या ग्रुपवर त्याआधी काय चाललं होतं? कुणी म्हणे वजनामुळे घेत नाहीत, कुणी म्हणे धर्मामुळे, कुणी म्हणे मुंबईकरांना आता दिल्लीत कुणी वाली नाही, तर पुण्याचे मामा म्हणत, मुंबईकरांनी वाल्याबद्दल बोलूच नये. उसळत्या चेंडूवर त्याचा मागचा पाय कुठे जातो, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या घरची माणसं क्रिकेट कळणारी आहेत. तरीही वाद खेळावर आला नाही, निवडणाऱ्याच्या मनात काय आहे यावरच फिरत राहिला.

याचा दोष मी मामांना देत नाही. ज्यांना कारण कधी सांगितलं गेलं नाही, ती माणसं हेतूच शोधणार. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. भारताकडून ते एकही कसोटी खेळले नाहीत. तशीच गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी होते, हे उत्तर बरोबरही असेल. पण ते उत्तर आपण आपल्यालाच दिलेलं आहे, निवड समितीने कारणं द्यायची तेव्हा रीतच नव्हती. अमोल मुझुमदार १९९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच सामन्यात २६० करतो, पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमवतो आणि भारताची टोपी त्याला मिळत नाही. त्या काळी मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते, हे सगळ्यांना कळतं. तरी एखाद्या वर्षी, एखाद्या दौऱ्यासाठी त्याचं नाव कितपत पुढे गेलं होतं? २०२५ मध्ये त्याच्याच मार्गदर्शनाखाली भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा माझ्या आईने फोनवर पहिलं वाक्य काय म्हणावं? "त्याला खेळवायला हवं होतं गं."

कसोटी संघाची निवड आणि ड्राफ्ट यांची तुलना ताणून चालणार नाही. तिथे अकरा जागा आणि सगळी नावं माहितीतली, इथे दरवर्षी शेकडो कोवळी मुलं. ड्राफ्टशी खरी तुलना व्हायची तर ती जिल्ह्याच्या निवडचाचणीशी. माझा मावसभाऊ पंधराव्या वर्षी अशा चाचणीला गेला होता. पहाटेच्या एसटीने गेला, दुपारी एक षटक टाकायला मिळालं. संध्याकाळी फळ्यावर यादी लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. काका विचारायला गेले तर "पुढच्या वर्षी बघू" एवढंच उत्तर आलं. पुढच्या वर्षी तो गेलाच नाही. मावशीच्या घरात आजही वशिल्यानेच ते झालं असं मानतात. खरं सांगायचं तर तो कदाचित तेवढा चांगला नसेलही. पण त्या षटकात त्याने काय टाकलं, बघायला कोण होतं, निवडलेल्या मुलांनी काय टाकलं, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे मावशी चूक की बरोबर हे तिला कुणीच सांगू शकत नाही. तिला नाही, आणि त्या निवडणाऱ्यालाही आपली बाजू मांडता येणार नाही, तो अगदी सचोटीचा असला तरी.

अमेरिकेत पूर्वग्रह नाही, असं मी म्हणत नाही. क्वार्टरबॅकची जागा डोक्याची, ती काळ्या मुलाला जमणार नाही, ही समजूत इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. वॉरन मून हा क्वार्टरबॅक १९७८ च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलमधल्या मानाच्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या लीगचे पाच ग्रे कप जिंकला, मग अमेरिकेत परतून खेळला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. लमार जॅक्सनलाही २०१८ मध्ये, हाइजमन जिंकलेला असूनही, माजी सरव्यवस्थापक बिल पोलियन यांच्यासारखे जाणते लोक क्वार्टरबॅक सोडून रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) व्हायला सांगत होते. बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीच्या शेवटच्या, बत्तिसाव्या पाळीला घेतलं. पुढच्याच मोसमात तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पोलियन यांना आपलं चुकलं असं जाहीरपणे म्हणावं लागलं. हे म्हणावं लागलं, कारण ते काय बोलले होते आणि कुणी जॅक्सनला सोडून दुसऱ्या कुणाला घेतलं होतं, हे सगळं नोंदलेलं होतं. अन्याय झाला हे दाखवायलाही कागद लागतो. शिवलकरांच्या बाबतीत आपल्या हातात फक्त हळहळ आहे.

ड्राफ्टचं मूळही काही निर्मळ नाही. फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांना श्रीमंत संघांपुढे पैशांच्या चढाओढीत चांगले खेळाडू मिळेनात, म्हणून त्यांनी ही पद्धत सुचवली. दुबळ्या संघांना त्याने हात मिळाला, पण मुलांचा भावही तेव्हापासूनच बांधला गेला. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला मुलांना बोलावून त्यांचं वजन, उंची, हाताचा पंजा मोजतात, चाळीस यार्ड पळवतात, डॉक्टर गुडघे-खांदे तपासतात आणि ती माहिती बत्तीस संघांत फिरते. २०२४ मध्ये विल्यम्सने तिथली वैद्यकीय तपासणी नाकारली. मला घ्यायचा विचार असलेल्या संघांनाच माझे अहवाल देईन, म्हणाला. शिकागोतले कितीतरी चाहते यावरून त्याच्यावर चिडले, त्याला उर्मट म्हणाले. मला वाटतं, त्या सगळ्या वादात त्याच्याइतकं शहाणपणाचं कुणीच वागलं नाही. आपलं शरीर कुणी तपासायचं हे ठरवण्याचा हक्क मुलाचाच असला पाहिजे. आपल्याकडे काही आणायचं झालं, तर ही वजनकाट्यावरची वरात आणू नये.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. बेअर्सनी फिल्ड्सला मार्चमध्ये पिट्सबर्गला दिलं आणि २५ एप्रिलला डेट्रॉइटमध्ये विल्यम्सचं नाव पुकारलं. पहिल्या मोसमात त्याला ६८ वेळा चेंडूसकट पाडलं गेलं, संघ पाचच सामने जिंकला, प्रशिक्षकाची नोकरी गेली. तिकडे दुसऱ्या पाळीला गेलेल्या डॅनियल्सने वॉशिंग्टनला थेट उपांत्य फेरीत नेलं. आमच्या अकाउंट्सच्या बाई हिवाळाभर गप्प होत्या. २०२५ मध्ये बेन जॉन्सन हे नवे प्रशिक्षक आले, बेअर्सनी अकरा सामने जिंकून आपला विभाग मारला, आणि बाईंचे हातवारे पुन्हा सुरू झाले. त्यांचं मत आता बदललंय, आणि आधी काय मत होतं हे त्या स्वतःच सांगतात.

घरी हे सगळं जमणार नाही, असं मला वाटत नाही. मुंबई इंडियन्सच्या शोधपथकाने विघ्नेश पुथूरला हेरलं, तेव्हा तो केरळच्या वरिष्ठ संघाकडून एकदाही खेळला नव्हता. तीस लाखांना घेतलेल्या या पोराने मार्च २०२५ मध्ये पहिल्याच सामन्यात चेन्नईचे तीन गडी बाद केले, त्यांत आपला ऋतुराजही होता. म्हणजे बघायची नजर आहे, माणसं आहेत, पैसाही आहे. पण ती नजर लिलावापर्यंत पोचलेल्यांसाठी आहे. जिल्ह्याच्या मैदानावर पहाटेच्या एसटीने येणाऱ्या मुलासाठी नाही.

भावाशी यावर फोनवर बोलले तेव्हा तो म्हणाला, "ताई, पंधरा वर्षांच्या पोराचे दोष जगजाहीर करायचे का? खचतील मुलं." हे त्याचं म्हणणं मला पटलं, इथे विल्यम्सच्या रडण्याचं काय केलं ते मी बघितलंय. म्हणून मुलाचा शेरा त्याच्या आणि आईबापांच्या हातातच द्यावा: किती चेंडू टाकले, किती खेळले, काय आवडलं, काय कमी पडलं, दोन ओळींत. जगजाहीर करायचं ते निवडणाऱ्यांचं. चाचणीला किती मुलं आली, प्रत्येकाला किती चेंडू मिळाले, समितीत कोण बसलं होतं, आणि त्यांनी पाच वर्षांपूर्वी निवडलेली मुलं आज कुठे खेळतात. आज गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांचीही धावसंख्या फोनवर चेंडूगणिक भरली जाते. भाऊ आता त्याच्या तालुक्याच्या क्रिकेट समितीवर आहे. येत्या चाचणीला एक स्कोअरर आणि एक फोन लावून बघतो, म्हणालाय. समितीतल्या दोघांचा विरोध आहे.