'सगळा डेटा एक्सटर्नलला हलवा आणि निवांत व्हा': या फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्याबद्दल

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे घरोघरी चालू असलेले कॉम्प्युटर एकदम 'जुने' झाले. त्यात तो मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, थोडक्यात असा: जुना कॉम्प्युटर टाकू नका, एक मोठी एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या, ती कुठल्याही कॉम्प्युटरला चालते, सगळा डेटा कट करून तिच्यात टाका, कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल, डिस्क कायम लावून ठेवा म्हणजे बॅकअप आपोआप झाला, काढताना सेफली रिमूव्हची (डिस्क काढण्याआधी विंडोजला सांगायची) आता गरज नाही, आणि बिघडलीच तर वरची केस बदलली की डेटा परत.

जुना कॉम्प्युटर टाकू नका हे मलाही पटतं, बाकी जवळपास प्रत्येक वाक्यात गडबड आहे आणि त्यापायी लोकांचे लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशोब जाऊ शकतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

'कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल'

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा मोकळी केल्यावर थोडा फरक पडतो, कारण विंडोजला स्वतःच्या कामालाही जागा लागते. पण जुना कॉम्प्युटर स्लो असतो तो बहुतेक वेळा रॅम कमी म्हणून किंवा आतली हार्ड डिस्क थकली म्हणून, त्यावर फोटो बाहेर हलवून काय होणार? उलट हलवलेल्या फाइल्स तिथूनच उघडून काम करायला लागलात तर आणखी स्लो वाटेल. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात मिळतात साधारण ३० ते ३५ एमबी, म्हणजे ५०० जीबी कॉपी करायला साडेचार तास धरून चला. आणि २००० सालच्या आसपासचं मशीन असेल तर त्याला यूएसबी १.१, तिथे सेकंदाला जेमतेम १ एमबी, १०० जीबीला एक दिवस पुरत नाही. डिस्कच्या खोक्यावर ३.० लिहिलंय म्हणून जुन्या पोर्टला तो वेग मिळत नाही. पळवायचाच असेल तर सॅटा पोर्ट (आतली डिस्क जोडायची जागा) असलेल्या मशीनमध्ये आत एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, रॅम वाढवा, तो खर्च खरा कामी येतो.

'कुठल्याही कॉम्प्युटरला चालते'

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. पहिली गोष्ट करंट. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळायचा नियम आहे, ३.० मधून ९००. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क सगळी पॉवर त्याच केबलमधून घेते आणि फिरायला सुरुवात करताना तिला जास्त लागते. मग काय होतं, पुढच्या पोर्टला लावली की लाइट लागतो, 'टिक' असा आवाज येतो, ड्राइव्ह दिसतो न दिसतो तोच गायब, परत टिक. लोकांना वाटतं नवी डिस्कच खराब निघाली, बदलून आणतात, दुसरीही तसंच करते. आधी कॅबिनेटच्या मागचा पोर्ट वापरा, तो थेट मदरबोर्डवर असतो, पुढच्याला आतून लांब बारीक वायर गेलेली असते. तरी नाही जमलं तर दोन टोकांची वाय केबल किंवा स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्या. टेबलावर ठेवायच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर येतो, तिला हा त्रास नसतो, पण लाइट गेली की ती तत्क्षणी बंद, म्हणून कॉम्प्युटर यूपीएसवर असेल तर तिचा अॅडॉप्टरही त्याच यूपीएसला लावा.

दुसरी गोष्ट साइज. फॉरवर्डमध्ये 'मोठी घ्या' म्हटलंय, आणि विंडोज एक्सपीवाला माणूस ४ टीबीची घेऊन येतो. डिस्कचे भाग नोंदवायची जुनी एमबीआर पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरवर (डिस्कवरचा छोटा तुकडा) २ टीबीच्या पुढे मोजूच शकत नाही, त्याच्या पुढच्यासाठी जीपीटी ही नवी पद्धत लागते, आणि नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर तिथे नुसतं 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' दिसतं, ड्राइव्हचं अक्षर नाही, काही नाही. डिस्क चांगली असते, डेटा असला तर तोही जागेवर असतो, फक्त त्या विंडोजला कळत नाही, तेव्हा घाबरून फॉरमॅट करत बसू नका. व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजला अशी डिस्क डेटासाठी चालते. एक्सपीच ठेवायचंय तर २ टीबीच्या आतली, एमबीआर केलेली घ्या आणि मोकळे व्हा.

तिसरी फॉरमॅटची, म्हणजे डिस्कवर फाइल्स कशा मांडायच्या त्या पद्धतीची; फॅट ३२, एक्सफॅट, एनटीएफएस हे त्याचे प्रकार. फॅट ३२ मध्ये ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, म्हणून डिस्क अर्धी रिकामी असताना लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नाही. एक्सफॅट एक्सपीला वेगळा अपडेट टाकल्याशिवाय दिसत नाही. सगळे कॉम्प्युटर विंडोजवालेच असतील तर सरळ एनटीएफएस ठेवा, मध्येच लाइट गेली तरी ती एक्सफॅटपेक्षा बरी सावरते. मॅक मात्र एनटीएफएस नुसती वाचतो, त्यावर लिहीत नाही.

'कट करून टाका, कायम लावून ठेवा, बॅकअप आपोआप झाला'

याच्याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. कट करून हलवलं म्हणजे फाइल पूर्वी एका जागी होती आणि आताही एकाच जागी आहे, फक्त जागा बदलली, आणि ती नवी जागा टेबलावरून पडू शकते, चोरीला जाऊ शकते, केबलला पाय अडकून खाली येऊ शकते. बॅकअप म्हणजे तीच फाइल किमान दोन वेगवेगळ्या डिस्कवर एकाच वेळी असणं. जागा करायला हलवायचंच असेल तर दोन डिस्क घ्या, दोन्हीवर कॉपी करा, दोन्हींवरच्या काही फाइल्स उघडून बघा, मगच मूळ डिलीट करा. दोन छोट्या डिस्क एका भल्यामोठ्या डिस्कपेक्षा कधीही चांगल्या. त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे, सासरी, कुठेही, कारण घरात पाणी शिरलं तर कपाटातल्या दोन्ही एकदमच जातील.

कायम लावून ठेवण्याबद्दल: मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस आठवा. तो फाइल्स लॉक करून पैसे मागायचा, आणि कॉम्प्युटरला जे ड्राइव्ह लावलेले सापडतील त्यांच्यावरच्याही लॉक करायचा. सपोर्ट संपलेल्या विंडोजला असला धोका जास्तच, एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा जानेवारी २०२० ला संपलाय. म्हणून कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, शक्य असेल तर त्या जुन्या मशीनचं इंटरनेटच काढा. आणखी एक, काही जुनी मशीन डिस्क लावलेली असताना चालूच होत नाहीत, काळी स्क्रीन आणि कर्सर लुकलुकत राहतो, कारण बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा प्रोग्राम) त्या डिस्कवरून बूट व्हायला, म्हणजे मशीन सुरू करायला, बघतं. डिस्क काढा किंवा बायोसमध्ये बूटचा क्रम बदला, मेकॅनिकची गरज नाही.

आणि डीटीपीवाल्यांसाठी (छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावणाऱ्यांसाठी) वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे एक्सपी अजून जिवंत असेल तर तो बऱ्याचदा पानं लावायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरसाठी आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या डोंगलसाठीच (ते चालायला पोर्टला लावायची किल्ली). लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका असं वर्षानुवर्षांचं काम तुम्ही डिस्कवर घेता, पण ते फॉन्ट युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नाहीत. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. डेटा शंभर टक्के सुरक्षित, आणि वाचता मात्र येत नाही! म्हणून फॉन्टचं फोल्डर, सॉफ्टवेअरची सीडी, जोडलेले फोटो हे सगळं सोबत घ्या, प्रत्येक महत्त्वाच्या कामाची फॉन्ट आतच साठवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ करून ठेवा, आणि ज्याचा मजकूर पुढे परत लागणार आहे तो डोंगल चालतोय तोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या. डोंगल मेला की हे काम फार जड जातं.

'सेफली रिमूव्हची गरज नाही'

ही बातमी आली होती ती विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनची, तिथे 'क्विक रिमूव्हल' हे डिफॉल्ट झालं. तुमचं ७ किंवा एक्सपी त्यात येत नाही. कॉपीची पट्टी संपली तरी थोडं लिखाण मेमरीत बाकी असू शकतं, आणि डिस्क फिरत असताना हिसकली तर तिलाही धक्का बसतो. दोन क्लिकचं काम आहे, करा.

'बिघडली तर केस बदला'

जुन्या डिस्कना हे खरं होतं, आत साधी सॅटा डिस्क असायची, दुसऱ्या केसमध्ये टाकली की चालू. आता बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डवरच असतं, सॅटा कनेक्टरच नाही, मग केस बदलणार कशी? काहींमध्ये डेटा त्या बोर्डवरच एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) होतो, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. जुन्या एक्सपीला ३ टीबी दिसावी म्हणून काही केस सेक्टरचा आकार ४ केबीचा दाखवायच्या, त्यातली डिस्क काढून थेट लावली की 'फॉरमॅट करायचंय का' विचारतं. 'नो' म्हणा.

कट्-कट् असा आवाज सुरू झाला तर लगेच काढा, परत परत लावून बघू नका, चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवू नका, आतली डिस्क मरायला टेकली असेल तर त्याने ती आणखी लवकर जाते. डेटा खरंच महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि नेताना डिस्क उघडून नेऊ नका, केस आणि बोर्डसकट जशी आहे तशीच द्या, कारण एन्क्रिप्शनची चिप त्याला त्या बोर्डवरचीच लागते.