फलकावरचा आकडा कसा जपावा

अभिनंदन! कारखान्याच्या सुरक्षेची जबाबदारी आता तुमच्याकडे आली आहे. घाबरू नका. यंत्रं सांभाळणं अवघड. त्या मानाने तोंडं सांभाळणं सोपं.

आधी दारात फलक लावा : 'विनाअपघात दिवस'. ३०० दिवस झाले की अख्ख्या पाळीला बक्षीस. मग गंमत बघा. २९९व्या दिवशी कुणाचं बोट चेपलं, तर तुम्हाला चकार शब्द काढावा लागणार नाही. शेजारचाच त्याला म्हणेल, "हात खिशात घाल रे, आमचं बक्षीस घालवू नकोस." धमकी तुमची, पण आवाज त्याच्या दोस्ताचा. याहून स्वस्त बंदोबस्त मला तरी ठाऊक नाही.

'थोडक्यात वाचलो' असं सांगायला कुणी आलाच, तर चार पानी फॉर्म द्या. पहिलाच रकाना : 'आपली चूक कोणती?' तो पुन्हा येत नाही. सुरक्षा समितीत कामगारांचा प्रतिनिधी अवश्य घ्या. निवडा मात्र तुम्हीच.

तरी एखादा अडून बसतो, "साहेब, मशीनचा गार्ड काढलाय, मी हात घालणार नाही." इथे जपून. जिवावरचा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामापासून बाजूला होतो, त्याला त्याबद्दल त्रास देऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१चा १५५ क्रमांकाचा करार सांगतो. त्रास कशाला द्यायचा? कायमची रात्रपाळी द्या. कारण : कामाची निकड.

बोलणारा इंजिनिअर असेल तर पुरावा मागा. काम सुरक्षित आहे हे खरं तर तुम्ही दाखवायचं असतं. ते त्याला आठवू देऊ नका. जानेवारी १९८६मध्ये 'चॅलेंजर' हे अमेरिकेचं अंतराळयान उडायच्या आदल्या रात्री अभियंते फोनवर सांगत होते, एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी दगा देईल. धोका सिद्ध करायची पाळी त्यांच्यावरच आली. यान दुसऱ्या दिवशी उडालं. ७३ सेकंद. आत सातजण होते.

राहता राहिला फलक. २० एप्रिल २०१०ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर बडे अधिकारी कौतुकाला आले होते : सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत नाही! त्याच रात्री स्फोट झाला, ११ माणसं गेली.

तेव्हा आकडे रंगवून घेऊ नका. खिळ्याला अडकवायच्या सुट्या पाट्याच घ्या.