गुण मिळाले, वाचलं कोणी?

दर उन्हाळ्यात प्रवेशाचे दिवस आले की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक वाद हमखास पेटतो. यंदा तो विदर्भातल्या मोर्शीकडच्या मामेभावाने पेटवला. तालुक्यागणिक ही कला महाविद्यालयं पाहिजेत कशाला? पटावर मुलं, वर्गात रिकामी बाकं. बीए झालेला पोरगा शेवटी पोलीस भरतीसाठी पळतो, नाहीतर पुण्यात पार्सलं वाटतो. आणि मग त्याचा खरा राग: "ताई, हे प्राध्यापक लोक करते तं करते काय? पगार मात्र दणकट घेते."

पगाराचं म्हणाल तर त्याच स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावर राबणारे नेट-सेट झालेले लोक बसतात. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही. भावाला हे पक्कं ठाऊक आहे, कारण त्याचा स्वतःचा मुलगा त्यांतलाच. पण "करते काय" हा प्रश्न मात्र मला टाळावासा वाटत नाही. तो उर्मटपणे विचारला गेला तरी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे कोणाजवळच नीट नसतं, हे जास्त वाईट.

मी ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. कला आणि मानव्यविद्यांच्या प्राध्यापकांनी वर्षभरात काय लिहिलं, काय घडवलं, याच्या नोंदी आमच्याकडे येतात. इतिहासाच्या बाईंचं पुस्तक, चित्रकलेच्या शिक्षकाचं प्रदर्शन, नाट्यविभागाने बसवलेला प्रयोग, स्पॅनिश कवितांचा अनुवाद, सगळं एकाच यादीत, एकाखाली एक. कवितासंग्रह हा तिथे साहेबांचा छंद नसतो, नोकरीतलं काम असतं. अर्थात या यादीत मिरवण्याचा सोसही भरपूर. चकचकीत कागदावर ती छापतात ती देणगीदारांच्या डोळ्यांसाठी.

पण यादीच्या आधी एक पायरी असते आणि मला खरं तर तिच्याबद्दल बोलायचं आहे. शिक्षकाला नोकरीत कायम करायचं, ज्याला इथे टेन्युअर म्हणतात, तेव्हा साधारण सहाव्या वर्षी त्याचं सगळं काम बाहेरच्या विद्यापीठांतल्या जाणकारांकडे जातं. त्यांनी ते वाचायचं आणि सविस्तर पत्र लिहायचं: यात नवं काय, कच्चं काय, हे नसतं तर त्या विषयाचं काय अडलं असतं. विभागातल्या लोकांनीही वाचायचं असतं. सगळेच मन लावून वाचतात असं नाही. तरी एका माणसाच्या सहा वर्षांच्या कामावर दुसऱ्या काही माणसांनी नाव घालून मत दिलेलं असतं.

आपल्याकडे काय होतं? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शिक्षकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, तिचं 'एपीआय' हे नाव विदर्भातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये शिवीसारखं उच्चारलं जातं. २०१८ च्या नियमांनी महाविद्यालयांतल्या शिक्षकांवरचं ओझं बरंच कमी केलं, पण प्राध्यापक पदापर्यंत जायचं तर तक्ता आहेच. भाषा आणि मानव्यविद्यांसाठी त्यात एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकालाही १०. आणि अख्खं पुस्तक अनुवादित केलं तर ८. कवितासंग्रहाची, नाटकाची, कोशाची वेगळी ओळच नाही.

आता या तक्त्यात वि. भि. कोलत्यांना बसवून बघा. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचा हा माणूस मराठीचा प्राध्यापक, पुढे १९६६ ते १९७२ नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू. महानुभाव पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत, मठांत जपलेल्या, पाठभेदांचं रान माजलेलं. त्यातून आयुष्यभर वाट काढत कोलत्यांनी लीळाचरित्र संपादित केलं, ते १९७८ मध्ये साहित्य संस्कृती मंडळाने छापलं. मराठी गद्याचा पाया ज्या ग्रंथावर सांगतात, त्याच्या संपादनाला आजच्या तक्त्याप्रमाणे ८ गुण, कारण संपादकाला लेखकापेक्षा दोन कमी. म्हणजे एका निबंधाहूनही कमी. संस्कृतचे प्राध्यापक वा. वि. मिराशींनी १९६३ मध्ये वाकाटक राजांचे कोरीव लेख एकत्र सिद्ध केले, ज्यामुळे आपल्या वाशीमचं, म्हणजे वत्सगुल्माचं, घराणं इतिहासात नीट उभं राहिलं. तेही याच रांगेत उभे राहिले असते, हातात फाइल घेऊन.

माझ्या भाच्याची, म्हणजे या मामेभावाच्याच मुलाची, गोष्ट याच्या उलट टोकाची. तो दर्यापूरकडे तासिकेवर मराठी शिकवतो. त्याच्याजवळ भुलाबाईच्या गाण्यांच्या वह्या आहेत. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरीबाळी म्हणतात ती गाणी, पण त्याने ती गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून घेतली: कुठल्या गावी कोणतं कडवं गळतं, कुठे सासरच्या माणसांची क्रमवारी बदलते, शेजारच्या दोन गावांत एकाच गाण्याची चाल वेगळी का. यातलं एक अक्षर त्याने छापलेलं नाही. छापलं ते काय? जागतिकीकरणाचा लोकसाहित्यावरील परिणाम, या छापाचे निबंध. पैसे भरून, परिषदेच्या अहवालात, आयएसएसएन या नियतकालिकांच्या क्रमांकासह. मुलाखतीच्या यादीत नाव लागायला प्रसिद्ध निबंध लागतात, आणि वह्यांना क्रमांक नसतो. "आत्या, ते कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यांनाही माहीत आहे," असं तो अगदी शांतपणे सांगतो.

अशा नियतकालिकांचा बाजार आयोगाला दिसत नव्हता असं नाही. २०१८ मध्ये मान्य यादीतून एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग 'केअर' नावाची नवी यादी केली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात गुणांऐवजी 'उल्लेखनीय योगदाना'चे नऊ प्रकार सुचवले: भारतीय भाषांतून अध्यापन, समाजाशी संबंधित काम, आणि हो, स्टार्टअपसुद्धा. आपल्याकडे त्यावर वाद झाला तो कुलगुरूंच्या निवडीवरून आणि राज्यांच्या अधिकारावरून. तो व्हायलाच हवा होता. पण प्रकार नऊ करा की नव्वद, समोरचं काम उघडून कोण वाचणार, हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे खेडा खरेदीला आलेला व्यापारीसुद्धा बोंडातला कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहतो, मग काटा लावतो.

वाचणारे लांबून आले, याची उदाहरणं विदर्भाला नवी नाहीत. चक्रधरांचे गुरू, रिद्धपूरचे गोविंदप्रभू, यांचं चरित्र १९८४ मध्ये इंग्रजीत आणलं ते ॲरिझोनातल्या ॲन फेल्डहाउस यांनी, आणि त्यांच्यामागे कोलत्यांचं संपादन उभं होतं. लंडनचे अभ्यासक रेसाइड यांनी १९६० मध्येच महानुभाव ग्रंथांची सूची केली. जळगाव जामोदच्या पट्ट्यात जी निहाली बोलतात, जिचं नातं कुठल्याच भाषाकुळाशी धड लागत नाही, तिच्यावर डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांचा ग्रंथ निघाला १९६२ मध्ये ॲम्स्टरडॅमला. तिचा शब्दसंग्रह पुण्याच्या आशा मुंडले यांनी केला, तो १९९६ मध्ये छापून आला अमेरिकेतल्या नियतकालिकात. परदेशी लोकांनी केलं म्हणून मला राग नाही, उलट बरं झालं केलं. पण साताठ कोसांवर महाविद्यालय असताना तिथल्या शिक्षकाने हे करण्यात त्याचा फायदा काय, हा हिशेब मांडला की उत्तर शून्य येतं. भंडाऱ्याकडे साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीचा, शब्दकोश केला तो कुठल्या तक्त्यासाठी नव्हे. वडसा-देसाईगंजहून दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या मंडळ्या बाहेर पडतात, रात्रभर नाटक चालतं, मंडप भरलेला असतो. २०२३ मध्ये त्या रंगभूमीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली. त्याच मंडपासाठी एखाद्या प्राध्यापकाने नाटक लिहिलं तर त्याच्या फाइलीत ते 'इतर उपक्रम' या रकान्यात जाईल, वृक्षारोपणाशेजारी.

म्हणून अमेरिकेसारखं करा, असं मी म्हणते असा समज नको. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २८ पदवी-अभ्यासक्रम आणि १४३ शिक्षकांची पदं कापली, परदेशी भाषा जवळपास पुसूनच टाकल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये मानव्यविद्यांसाठीच्या राष्ट्रीय निधीने आधी मंजूर केलेली अनुदानं मध्येच थांबवली. तेव्हा इथल्या लोकांच्या हातात त्या सुंदर याद्या होत्या, जाणकारांची पत्रं होती. उपयोग झाला नाही. तासिकेवरच्या शिक्षकांची फौज इथेही आहे, फक्त तिला ॲडजंक्ट म्हणतात. इथलेही बाप विचारतात, इंग्रजी साहित्य शिकून पोरगी खाणार काय. मामेभावाला इथे आणलं तर त्याचे बरेच मित्र होतील.

तरी वाचण्याची ती एक सवय मला उचलण्यासारखी वाटते. त्यावरचा आक्षेपही मला ठाऊक आहे. आपल्याकडे वाचणारा नेमला की तो संस्थाचालकाच्या गोटातला निघेल, जात बघेल, नाहीतर दोघं मिळून 'अहो रूपम् अहो ध्वनिः' करतील. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ही पत्रं गोपनीय असतात. आपल्याकडे ती गोपनीय ठेवली तर नक्की असंच होईल. म्हणून ती उघडी असावीत. ज्याने वाचलं त्याने नावानिशी लिहावं, ते छापावं, आणि मूळ कामासोबत ठेवावं. चुकीचं कौतुक केलं तर त्याचीही लाज त्याच्याच नावावर.

हे करायला आता जागाही आहे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला आहे. भाषणं पुष्कळ झाली. त्या विद्यापीठाने पश्चिम विदर्भातल्या महाविद्यालयांना एवढंच विचारावं: तुमच्या शिक्षकांच्या कपाटात न छापलेलं काय पडून आहे? शब्दांच्या याद्या, पोथ्यांच्या नकला, नाटकाच्या वह्या, मेळघाटातल्या कोरकू भाषेतल्या गोष्टी. कायम असो की तासिकेवरचा, भेद नको. आलेल्यांतली वर्षाला दहा-बारा कामं वाचून घ्यावीत, वाचणाऱ्याला मानधन द्यावं. याला इमारत लागत नाही. आणि निवड समितीने मुलाखतीआधी निबंधांची संख्या न विचारता, तुमचं एक काम पाठवा, आम्ही वाचून येतो, असं म्हणावं. हे दुसरं जास्त अवघड आहे, कारण वाचून यावं लागेल.

भाच्याला मी म्हटलं, तुझ्या वह्या कोणाला तरी दाखव. मी नावं सुचवली ती एक शिकागोची, दोन पुण्याची. त्याने त्यांच्यापैकी कोणालाच पाठवलं नाही. त्याने दर्यापूरच्याच एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंना छायाप्रती नेऊन दिल्या. त्यांनी पंधरा दिवसांनी फुलस्केपची चार पानं लिहून दिली: तिसरं गाणं एक नाही, दोन आहेत, सांगणारीने मध्येच जोडलेत; अमुक ओळीतला शब्द ऐकण्यात चुकला आहे; आणि अंजनगावच्या बाजूची गाणी नसतील तर या संग्रहाला वऱ्हाडचा म्हणू नये. भाचा दोन दिवस रुसला होता. मग अंजनगाव सुर्जीला जायचं ठरवलं, पण पऱ्हाटी वेचणीला आली आहे, बाया दिवसभर वावरात असतात, म्हणून ते पुढच्या महिन्यावर गेलं आहे.