वकिली सोडणाऱ्यांस एका जुन्या अशिलाचा सल्ला

वकीलसाहेब, तुमचं वकिलीत मन लागत नाही हे आम्हा पक्षकारांच्या केव्हाच लक्षात आलंय. तुम्हाला वाटतं, आम्ही कोर्टाच्या पडवीत बाकावर बसून नुसती तारखेची वाट बघतो. पण सकाळी अकरापासून पुकारा होईपर्यंत आम्हाला दुसरा उद्योगच नसतो, म्हणून आम्ही वकील बघतो. कोणाच्या गळ्यातला बँड मळलाय, कोण मघाशी समोरच्या वकिलावर ओरडला आणि आता त्याच्याच बाइकवर मागे बसून भजी खायला चाललाय, मुदतीचा अर्ज लिहिताना कोण सुस्कारा टाकतो. तुमचे सुस्कारे हल्ली वाढलेत. मागच्या उलटतपासात तुम्ही साक्षीदाराला "माझं म्हणणं आहे की तुम्ही खोटं बोलताय" असं सुनावलंत, त्यात पूर्वीचा जीव नव्हता. साक्षीदारही चुकचुकला.

आमच्या घराण्याने वाटपाचा एकच दावा तीन पिढ्या चालवलाय. आजोबांनी लावला, वडिलांनी वारस म्हणून नाव चढवून घेतलं, आता मी आहे. एवढ्या भांडवलावर सल्ला द्यायला मी लायक आहे. तुम्ही तर कॉलेजातल्या पाच वर्षांच्या जोरावर देता.

आधी सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं बघा. बार कौन्सिलचे नियम तुम्ही परीक्षेनंतर उघडले नसतील. नियम ४७ म्हणतो, वकिलाने स्वतः धंदा करू नये; फार तर स्लीपिंग पार्टनर व्हावं. दुपारच्या जेवणानंतरचा तुमचा युक्तिवाद ज्याने ऐकलाय त्याला तुमच्या या पात्रतेविषयी शंका राहणार नाही. नियम ४९ प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी बंद. नियम ५० वाडवडिलांकडून आलेला धंदा चालू ठेवू देतो, पण कारभारात हात घालू देत नाही. (हा नियम माझ्या मोठ्या चुलतभावालाही लावता आला असता तर आमचा दावा उभाच राहिला नसता.) शिकवणं आणि वर्तमानपत्रात लिहिणं तेवढं चालतं, म्हणजे ज्यात पैसे नाहीत ते चालतं. तेव्हा सनद स्थगित करायचा अर्ज द्या. कायमची परत करू नका, हे मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.

आता कोकणात ज्याचं कशातच मन रमत नाही त्याला बागेत पाठवतात. तुम्हीही जाल. खळ्यात खुर्ची, हातात चहा, समोर मोहरलेली कलमं. मोहोर येतोसुद्धा. त्यामागून तुडतुडा येतो, थ्रिप्स येतात, मार्चमध्ये ऊन चढलं की गळ होते, आणि राहिलेल्याचा हिशेब वानर करतात. वानरावर मनाई हुकूम बजावता येत नाही. उलट वन्यजीव कायदा त्याच्या बाजूने उभा. एवढ्यातून वाचलेलं फळ झेल्याने अलगद उतरवा, अढीत पिकवा आणि कापा. बाहेरून निर्दोष आणि आत साका, म्हणजे बिघडलेला पांढरट गर, असा माल तुम्ही साक्षीदारांत पुष्कळ पाहिलाय, तेव्हा तुम्हाला धक्का बसू नये.

मग वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब येतो. पट्टी नीट बघा. वर पेट्या, पुढे भाव, आणि खाली वजावट: भाडं, हमाली, तोलाई, आणखी काहीबाही. सगळं जाऊन तळाला जो आकडा उरतो तो वाचताना तुमचा चेहरा कसा होईल हे मला माहीत आहे. टायपिंग, झेरॉक्स, कोर्ट फी, 'किरकोळ' असं लिहिलेलं तुमचं बिल हातात पडलं की माझा तसाच होतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे त्यात आले. तरी शेजारच्या गाळ्यावर 'देवगड' छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा मांडी घालून बसलेला दिसेल. तुमच्यातला वकील खडबडून उठेल. त्याला परत झोपवा, सीझन संपायला आलेला असतो.

पण हे सगळं बाग तुमची असेल तर. बाग कोणाची, हा प्रश्न तुम्ही आजवर दुसऱ्यांना विचारलात. आता स्वतःचा सातबारा काढा. पणजोबांचं नाव कंसात गेलेलं, म्हणजे कमी झालेलं, खाली तीन काका, काकांचे मुलगे, त्यातले गिरगावातून डोंबिवलीला गेलेले, एक बडोद्याला स्थायिक. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, केंद्राने २००५ मध्ये. म्हणजे आत्याच्या मुली आल्या आणि त्यांची मुलंही आली. न्याय्यच आहे, माझी काही तक्रार नाही, फक्त कागद पुरत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात एका कुळाचं नाव. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारा कुळ मालक मानला गेला. ही गोष्ट आपल्याला कोणी कळवली नाही असं कोकणातला प्रत्येक आजोबा मरेपर्यंत सांगत असे. शिवाय जमीन एकाची आणि त्यावरची झाडं दुसऱ्याची, हा प्रकार आहेच. तुम्ही पहिली फवारणी केलीत की संध्याकाळच्या आत डोंबिवलीहून फोन: "बागेत पंप कोणाला विचारून नेलास?" गेल्या वीस वर्षांत तिकडून कोणी फोन केलेला नसतो.

म्हणजे वाटपाचा दावा आला. प्राथमिक हुकूमनामा होईल, म्हणजे कोणाचा किती हिस्सा ते ठरेल, तुम्ही पेढे वाटाल. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, आम्हाला सांगायचं तेवढं राहून जायचं: सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख. मोजणीची तारीख लागते, सगळे हिस्सेदार मुंबईहून रजा टाकून येतात, आणि मोजणीदार त्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात असतो.

बागेचा नाद सुटला की माणूस होमस्टे काढतो. तारकर्लीला नाहीतर गुहागरला समुद्रासमोर दोन खोल्या. कमी वस्तीच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हा बांधकामबंदीचा पट्टा. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत स्थानिकांच्या राहत्या घरातल्या होमस्टेला वाट ठेवलीय, पण घराचा जोता आणि ठेवण बदलायची नाही. जुनं घर तसंच ठेवायचं, हे ऐकून तुम्ही खूश व्हाल. जुन्या घराचा घरपट्टीचा असेसमेंट उतारा कोणाच्या नावावर आहे ते बघेपर्यंत. आणि पाहुणे! आयुष्यभर उलटतपास घेतलेला माणूस, त्याला आता पुण्याचे एक गृहस्थ सुरमईच्या ताटापुढे उभं करून विचारणार: "फोनवर तुम्ही सोलकढी अनलिमिटेड म्हणालात की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

मासेमारीचं थोडक्यात सांगतो. तिथे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणजे कोर्टाची मे महिन्याची सुट्टी जिथे संपते तिथे ही लागते. बाकी दहा महिने दिव्याने मासे ओढणारे एलईडीवाले, मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले यांच्यात जे चालतं ते १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालीच चालतं, तेव्हा त्यासाठी दर्यावर जायची गरज नाही.

कोणी म्हणेल, मोठी माणसं वकिली सोडून मोठी झाली. झाली ना. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचंच घ्या. १८७९ मध्ये एलएल.बी. झाले, पण वकिली न करता १८८० मध्ये शाळा काढली, १८८१ मध्ये 'केसरी'; पुढे पोटासाठी कायद्याचे वर्गही घेतले. कोर्टात जायचं मात्र टळलं नाही. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी दावर नावाचे बॅरिस्टर उभे राहिले. १९०८ मध्ये पुन्हा खटला झाला तेव्हा टिळकांनी स्वतःच २१ तासांहून जास्त भाषण करून बचाव केला आणि समोर न्यायमूर्ती म्हणून बसले होते तेच दावर. सहा वर्षांची शिक्षा झाली. एक जण वकिलीला चिकटून राहिला आणि एकाने ती केलीच नाही. कोण कुठे बसलं ते बघा. वेंगुर्ल्याचे नाथ पै राजकारणात गेले, राजापूरमधून लोकसभेवर गेले, तरी लोक शेवटपर्यंत बॅरिस्टरच म्हणत राहिले. तेव्हा हा शिक्का धुऊन निघेल या भ्रमात राहू नका.

तुमच्या अंगच्या गुणांना न्याय देणारं एकच काम मला दिसतं: देवळात गाऱ्हाणं घालायचं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला हा, तेच्या घरात जा काय वाकडा झाला आसात ता सरळ कर म्हाराजा!" आणि देवापुढे जमलेला अख्खा मांड एका सुरात: "व्हय म्हाराजा!" विचार करा. समोर वकील नाही, हरकत नाही, पुरावा जोडायचा नाही, आणि प्रत्येक वाक्याला सर्व उपस्थितांची संमती. कौल मागताना देवाच्या पाषाणावर चिकटवलेला कळा उजवीकडे पडला की निकाल तिथल्या तिथे, अपील नाही. तुमचे निम्मे अशील दावा लावण्यापूर्वी कौल घेऊन आलेले असतात, मीही आलो होतो. देवाने उजवा दिला होता, मुदत तेवढी सांगितली नव्हती. अडचण इतकीच की गाऱ्हाणं घालायचा मान गावात ठरलेल्या घराण्याचा असतो. तो मान मोठ्या घराचा की धाकट्या घराचा, यावर बऱ्याच गावांत आधीच दावा चालू आहे.

म्हणजे फिरून फिरून तुम्ही पडवीतच येणार. फक्त अशील म्हणून. त्याची तयारी आत्तापासून ठेवा. वकील म्हणून तुमचाच ज्युनिअर नेमाल, कारण तो स्वस्त पडेल असं तुम्हाला वाटेल. आजवर 'सर, सर' करणारा तो पोरगा फोन उचलायचा बंद होईल आणि समोर गाठलंत तर घाईत म्हणेल, "बघतो हं काका, बोर्डावर आहे का ते." अपिलाची मात्र सोय झालीय: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी आता मुंबईला जायचं नाही, घाट चढायचा. डबा घरून आणा. कँटीनमधली भजी वकिलांनाच गरम मिळतात, हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता.

जाण्यापूर्वी माझ्या फाईलवर नाहरकत लिहून द्या, नाहीतर दुसरा वकील माझं वकीलपत्र घेणार नाही. फाईलमध्ये आजोबांच्या सहीची खंडाची (कुळाने द्यायच्या भाड्याची) जुनी पावती आहे. झेरॉक्स तुम्ही ठेवा, मूळ मला द्या. झेरॉक्सचे पैसे मी तीन वेळा भरलेत.